बाबांचा मेंदू, लसूण आणि सकाळी दहाची गडबड

प्रश्न: माझे बाबा 67 वर्षांचे आहेत, टाइप 2 डायबेटिस आहे, 14 वर्षं झाली. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, बीपीची गोळी आहे, आणि मागच्या वर्षी स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या. दोनेक महिन्यांपूर्वी त्यांनी एक व्हिडिओ पाहिला की लसणातली द्रव्यं डायबेटिसपासून मेंदू वाचवतात. तेव्हापासून रोज सकाळी रिकाम्या पोटी सहा-सात पाकळ्या ठेचून खातात, वर लसणाची कॅप्सूल, आणि त्यानंतर दोन तास काही खायचं नाही म्हणे. शुगरची गोळी मात्र नेहमीसारखी आठ वाजता घेतात. हल्ली दहाच्या सुमारास ते विचित्र वागतात, एकच गोष्ट परत परत विचारतात, उगाच चिडतात, घाम येतो, एकदा तर फोन हातात धरून बसले आणि तो कसा लावायचा तेच सुचेना. नाश्ता झाला की थोड्या वेळाने नॉर्मल. मला भीती वाटते की डिमेन्शिया सुरू झाला. लसूण अजून वाढवू का? कॅप्सूल कोणती चांगली? आणि बाबा म्हणतायत आता मेटफॉर्मिन बंद करतो. पुढच्या आठवड्यात त्यांची दाढ पण काढायची आहे.

उत्तर:

ताई, लसणाचं सगळं सांगते, पण आधी उद्या सकाळचं बघू, कारण तुमच्या पत्रातली खरी घाईची गोष्ट लसूण नाहीच, ती दहाची वेळ आहे. आठ वाजता ग्लिमेपिराइड पोटात जाते, दहापर्यंत पोटात अन्न नाही, मग घाम, चिडचिड, काही न सुचणं, आणि खाल्लं की माणूस परत जागेवर. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो डिमेन्शिया नाही, शुगर लो होणं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही, म्हणूनच ती नाश्त्यासोबत घ्यायची असते. बाबांनी गोळीची वेळ तीच ठेवली आणि नाश्ता मात्र पुढे ढकलला, त्यात लसणानेही शुगर थोडी खाली येऊ शकते, म्हणजे सगळं एकाच दिशेने चाललंय.

तर उद्यापासून गोळी आणि नाश्ता एकत्र. ते दोन तास उपाशी राहणं आजच बंद करायला सांगा, त्याला कसलाही आधार नाही. घरात ग्लुकोमीटर असेल तर बाहेर काढून ठेवा, पट्ट्यांची एक्सपायरी बघा, नसेल तर आजच आणा. आणि परत कधीही बाबा गोंधळल्यासारखे वाटले तर आधी वाद घालत बसू नका की अहो आत्ताच तर सांगितलं तुम्हाला, बोट टोचा आणि आकडा बघा. 70 च्या खाली असेल तर शुगर लो आहे, 54 च्या खाली असेल तर गंभीर. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या किंवा ग्लुकोज पावडर असेल तर साधारण 15 ग्रॅम, 15 मिनिटांनी परत बघा, अजूनही 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच द्या, आणि वर आला की काहीतरी पोटभरीचं खायला द्या. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणं हीच असतील तर आकड्यासाठी थांबू नका, साखर द्या. मात्र माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि समजा गोंधळ आहे पण शुगर नॉर्मल आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर एक मिनिटही न थांबता निघा, तो स्ट्रोक असू शकतो.

आकडा आणि वेळ दोन्ही वहीत लिहा, सोबत शेवटचं कधी खाल्लं होतं तेही. आणि या वेळी डॉक्टरांच्या पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, याच आठवड्यात फोन करा किंवा जा. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा की ती बदलून शुगर लो न करणारं दुसरं औषध द्यायचं हे ते ठरवतील, किडनीची तपासणी पण करायला सांगतील, कारण वयाबरोबर किडनी मंद झाली की या प्रकारच्या गोळ्यांचा परिणाम शरीरात जास्त वेळ रेंगाळतो. बीपीची गोळी कोणती आहे तेही दाखवा, बीटा ब्लॉकर असेल तर शुगर लो झाल्यावर होणारी थरथर आणि धडधड त्यात दबून जाते, घाम तेवढा येतो. शिवाय इतकी वर्षं डायबेटिस असलेल्यांना कधीकधी शुगर उतरल्याची जाणीवच होत नाही, सरळ गोंधळ सुरू होतो, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे विसरतायत.

हे एवढं ताणून का सांगतेय, तर मेंदू वाचवायचाय ना आपल्याला, मग शुगर लो होणं हे मेंदूवर थेट घाव घालणारं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण एनर्जी खातो जवळजवळ 20 टक्के, आणि त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज, साठा जवळपास काहीच नाही. रक्तातली साखर उतरली की पहिला फटका त्यालाच. 2009 साली अमेरिकेत टाइप 2 डायबेटिस असलेल्या 16 हजारांहून जास्त वयस्कर पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हॉस्पिटल गाठावं लागेल इतकी शुगर ज्यांची उतरली होती त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि जितक्या वेळा असं झालं तितका धोका वाढलेला. आता यात उलटं पण असू शकतं, की आधीच विसरायला लागलेला माणूस गोळी दोनदा घेतो किंवा जेवायचं विसरतो आणि मग शुगर उतरते, पण कुठल्याही बाजूने बघा, बाबांची शुगर उतरू न देणं हे सगळ्यात आधी.

आता लसूण. बाबांना एकदम उडवून लावू नका, ते वाचलेलं सगळं खोटं नाहीये. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात, रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं हे ठरवणारी जी भिंत असते ती गळकी होते, जास्तीची साखर प्रोटीनला चिकटून त्यांना निकामी करते, पेशींमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या द्रव्यांचा ताण) वाढतो, सूज कायमची मुक्काम करते, आणि मेंदूच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. आठवणी तयार होतात तो हिप्पोकॅम्पस नावाचा भाग याला फार नाजूक. म्हणून डायबेटिस असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट मानला जातो, हा दीडपट म्हणजे होणारच असं नाही, बहुतेकांना होत नाही.

आणि लसणातली काही सल्फरची द्रव्यं नेमकी याच जागांवर काम करताना प्रयोगशाळेत दिसली आहेत. यातलं मेंदूच्या बाबतीत सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं एक म्हणजे एस-अॅलिल सिस्टीन. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध देऊन उंदरांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, उंदीर डायबेटिक होतो, काही आठवड्यांत भूलभुलैयातल्या परीक्षेत चुकायला लागतो, आणि ज्यांना हे द्रव्य दिलं ते कमी चुकतात. हिप्पोकॅम्पस तपासला तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी, सूज वाढवणारे सिग्नल कमी, पेशीच्या स्वतःच्या संरक्षणाची यंत्रणा चालू करणारं एनआरएफ-2 जागं झालेलं, आणि अॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम पण उतरलेलं, जे अल्झायमरच्या काही औषधांचं सुद्धा टार्गेट आहे. हे वाचून कोणालाही वाटेल की अरे मग द्या ना बाबांना, मलाही यातलं विज्ञान मनापासून आवडतं.

पण डोस बघा, इथेच सगळं अडतं. 2017 च्या अशा एका प्रयोगात उंदरांना वजनाच्या किलोमागे रोज 150 मिलिग्रॅम हे द्रव्य सात आठवडे दिलं होतं. उंदराचा डोस माणसासाठी काढायची एक रुळलेली पद्धत आहे, साधारण सहाने भागायचं, तरी 60 किलोच्या माणसाला दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास शुद्ध द्रव्य लागेल. कच्च्या लसणाच्या एका ग्रॅममध्ये ते किती असतं, तर मिलिग्रॅमच्या काही शतांश भागाएवढं. म्हणजे बाबांच्या सहा-सात पाकळ्या मिळून एक मिलिग्रॅमच्या आसपास सुद्धा पोचायची मारामार, आणि सहाच्या साठ केल्या तरी त्या प्रयोगाच्या जवळपास जाणार नाहीत, पोट मात्र जाळून घेतील. व्हिडिओत हा हिशोब कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक विश्वासाने करतात हे सगळं.

दुसरं म्हणजे ते उंदीर तरुण असतात, त्यांचा डायबेटिस काही आठवड्यांचा असतो आणि तोही टाइप 1 च्या जवळ जाणारा, आणि बहुतेक प्रयोगांत लसणाचं द्रव्य शुगर वाढल्या वाढल्या लगेच सुरू करतात. बाबांचा डायबेटिस 14 वर्षांचा, टाइप 2, सोबत बीपी आणि हार्ट. डायबेटिस असलेल्या माणसांना लसूण देऊन त्यांची स्मरणशक्ती टिकली असं पक्कं दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. प्रयोगशाळेत छान दिसलेलं माणसात तसंच उतरतं असं नसतं, याचं लसणाचंच उदाहरण आहे: 2007 मध्ये अमेरिकेत 192 लोकांवर सहा महिने एक नीट चाचणी झाली, एका गटाला कच्चा लसूण, दोन गटांना दोन वेगवेगळ्या प्रकारच्या लसणाच्या गोळ्या, एका गटाला नुसत्या खोट्या गोळ्या, आणि शेवटी वाईट कोलेस्टेरॉलमध्ये कोणाच्यातच काही फरक नाही. ज्या कोलेस्टेरॉलसाठी लोक वर्षानुवर्षं लसूण खात आलेत त्याचं हे. बीपीच्या बाबतीत लसणाचा थोडा फायदा काही चाचण्यांत दिसलाय, फास्टिंग शुगरमध्ये पण थोडा, पण ते औषधाला जोड म्हणून, औषधाच्या जागी नाही.

कॅप्सूल कोणती विचारलंत, तर त्यासाठी पाकळीत काय घडतं ते जरा बघू. अख्ख्या पाकळीत अॅलिन नावाचं द्रव्य असतं, त्याला वास नाही, आणि अॅलिनेज नावाचं एन्झाइम वेगळ्या कप्प्यात बंद असतं. ठेचली किंवा चावली की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत अॅलिसिन तयार होतं, तो नाकात जाणारा झणका त्याचाच. 1944 मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. अॅलिसिन टिकत नाही, भराभर मोडून दुसरी सल्फरची द्रव्यं बनतात, आणि खाल्ल्यानंतर रक्तात तर अॅलिसिन म्हणून ते सापडतच नाही. एन्झाइम उष्णतेने मरतं, म्हणून पाकळी अख्खीच शिजवली तर अॅलिसिन फारसं बनत नाही, ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवून मग शिजवली तर थोडंफार हाती लागतं. पोटातल्या अॅसिडनेही हे एन्झाइम बंद पडतं, त्यामुळे लसणाच्या पावडरची साधी गोळी गिळली तर आत किती अॅलिसिन बनेल याचा भरवसा नसतो. मुरवलेल्या लसणाचा अर्क वेगळाच, त्यात लसणाचे काप पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात वीस महिन्यांपर्यंत मुरत ठेवतात, अॅलिसिन जवळजवळ संपतं आणि ते एस-अॅलिल सिस्टीन वाढतं, जे पाण्यात विरघळतं, टिकतं आणि शरीरात चांगलं शोषलं जातं. म्हणजे कच्ची पाकळी, पावडरची गोळी, लसणाचं तेल आणि मुरवलेला अर्क या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकावर झालेला प्रयोग दुसऱ्याच्या बाटलीवर सर्रास छापलेला असतो. मुरवलेल्या अर्कातही उंदरांच्या त्या डोसइतकं मिळत नाहीच. म्हणून माझं स्पष्ट उत्तर, बाबांसाठी कुठलीच कॅप्सूल नको.

नको म्हणायचं अजून मोठं कारण म्हणजे रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या. लसूण प्लेटलेट्सना, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, त्या दोन गोळ्या पण वेगवेगळ्या मार्गांनी तेच करतात. जेवणात पडणाऱ्या एखाद-दोन पाकळ्यांनी काही बिघडत नाही, पण रोज सहा-सात कच्च्या आणि वर कॅप्सूल म्हणजे हा औषधासारखाच डोस झाला. आणि आता दाढ काढायची आहे! डेंटिस्टना आजच फोन करून सांगा की स्टेंट आहे, या दोन गोळ्या चालू आहेत आणि इतका लसूण इतके दिवस खाल्लाय. ऑपरेशनच्या आधी लसणाच्या गोळ्या साधारण सात दिवस तरी बंद ठेवायला सांगतात, त्यामुळे दाढेची तारीख थोडी पुढे सरकली तर सरकू द्या. पण स्टेंटच्या त्या दोन गोळ्या कोणीही, अगदी डेंटिस्टनी म्हटलं तरी, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवस सुद्धा बंद करायच्या नाहीत, स्टेंट अचानक बंद होऊ शकतो. बंद करायचाय तो लसणाचा डोस.

मेटफॉर्मिन बंद करायचं तर मनातही आणू देऊ नका. गंमत म्हणजे बाबांच्या शुगरच्या दोन गोळ्यांपैकी शुगर लो करण्याचा धोका मेटफॉर्मिनचा नाही, ग्लिमेपिराइडचा आहे, आणि ते काढायला निघालेत नेमकी दुसरीच. फक्त एक तपासणी जरूर करा, बी 12. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी 12 कमी होऊ शकतं, त्याने विसरभोळेपणा येतो, पायाला मुंग्या येतात, थकवा येतो, आणि हे सगळं डायबेटिसच्या किंवा वयाच्या नावावर खपून जातं. कमी निघालं तर भरून काढता येतं आणि मेटफॉर्मिनही चालू राहतं. त्याच रक्तात थायरॉइड पण बघून घ्या.

मग मेंदूसाठी करायचं काय, बाबा विचारणारच. शुगर अगदी नॉर्मल माणसासारखी खाली खेचली की मेंदू जास्त वाचेल असं वाटतं ना, ते पण तपासून झालंय. अॅकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत एका गटाची एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) 6 च्या खाली न्यायचा प्रयत्न केला, 40 महिन्यांनी स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये दोन्ही गटांत फरक नाही, उलट कडक कंट्रोलवाल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून 2008 मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. म्हणून या वयात, हार्टचा त्रास असताना, डॉक्टर थोडं सैल टार्गेट देतात, साडेसातच्या किंवा आठच्या खाली असं काहीतरी, बाबांचं नेमकं किती ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर एचबीए1सी सहा आली की सगळे खूश होतात आणि त्या सहाच्या आत किती वेळा शुगर उतरून गेली ते कोणाला कळत नाही.

बीपी मात्र नीट हवंच, बारीक रक्तवाहिन्यांना त्याच्याइतकं नुकसान फार थोड्या गोष्टी करतात. रोज चालणं, कोलेस्टेरॉलची गोळी दिलेली असेल तर ती न चुकवणं, सिगरेट असेल तर सोडणं, झोपेत जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर ते दाखवणं. आणि कान! बाबांना कमी ऐकू येतं का, टीव्हीचा आवाज वाढवतात का, दोनदा विचारतात का, हे बघा. 2024 च्या लॅन्सेट कमिशनने, म्हणजे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने, डिमेन्शियाची जी 14 टाळता येण्यासारखी कारणं दिली आहेत त्यात डायबेटिस आणि बीपीच्या बरोबरीने कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं पण आहे. कानाचं मशीन लावायला लोक फार लाजतात, बाबा तयार होईपर्यंत तुम्ही जरा चिकाटी धरा. डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासायचा असतोच, तोही राहिला असेल तर उरकून घ्या.

लसूण आवडतो तर जेवणात खाऊ द्या की, स्वयंपाकात असेल तसा, ठेचून दहा मिनिटं ठेवायचा असेल तर तेही करा, त्यात काही जात नाही. फक्त कच्चा रिकाम्या पोटी नको, त्याने जळजळ होते आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या असताना पोटाचं अस्तर आधीच नाजूक असतं. शौच काळी झाली किंवा हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची आयडिया पण या व्हिडिओंमध्ये फिरत असते, ती अजिबात करू नका, हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात, 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला अशाच तेलातल्या लसणाने कितीतरी लोक आजारी पडले होते.

गोळी-नाश्ता एकत्र सुरू केल्यावर दोन आठवड्यांत दहाची ती गडबड पूर्ण थांबली आणि आकडेही नीट राहिले, तर उत्तर तुमच्यासमोर आहे. शुगर नीट असूनही विसरणं चालू राहिलं, पैशांचे हिशोब चुकायला लागले, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळायला लागले, तर डॉक्टरांना स्मरणशक्तीची टेस्ट करायला सांगा, ती दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि ती सकाळी नाश्त्यानंतर, शुगर तपासून मगच करायला सांगा, नाहीतर उतरलेल्या शुगरमध्ये दिलेल्या परीक्षेवरून बाबांच्या फाइलवर नको तो शिक्का बसायचा. जाताना आकड्यांची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती लसणाच्या कॅप्सूलची बाटली पण लेबलसकट सोबत घ्या.